झुडपी जंगलाचा सातबारा

पूर्व विदर्भातल्या कुठल्याही खेड्याचं जुनं महसुली दप्तर उघडलं की त्यात कुठेतरी ‘झुडपी जंगल’ हे दोन शब्द सापडतात. तलाठ्याच्या लेखी ती सरकारी जमीन. वनखात्याच्या लेखी कधी जंगल, कधी डोकेदुखी. शहरातून आलेला माणूस म्हणतो, पडीकच तर आहे, इथे एखादा कारखाना का काढत नाहीत? आणि गावच्या गायक्याला विचारलं तर त्याला प्रश्नच कळत नाही. आखराच्या पलीकडचं रान आहे, ढोरं तिकडेच जातात, त्यात विचारायचं काय? (आखर म्हणजे गावाबाहेर ढोरं जमवण्याची जागा. गायकी म्हणजे आमच्याकडे गुराखी. गाण्याशी त्याचा संबंध असलाच तर बासरीपुरता.)

मे महिन्यात या रानात गेलात तर निराशाच पदरी पडेल. बरड, मुरमाड जमीन. पळसाची खुरटी झुडपं, टेंभुर्णी, हिवर, बोरी, भराटी, नाल्याच्या कडेला सिंदी. सगळं जळून गेल्यासारखं. मृगाचे दोन चांगले पाऊस पडू द्या, मग बघा. पंधरा दिवसांत तरोट्याची भाजी निघते, खडकाच्या फटीफटीतून गवत वर येतं, पोळ्यापर्यंत ते गुडघ्याला लागतं. कोरडं जंगल असंच वागतं. ते अर्धं वर्ष मेल्याचं सोंग घेतं आणि पावसाळ्यात सगळा हिशेब चुकता करतं. आपली वनधोरणं बहुधा सोंगाच्या महिन्यांत लिहिली जात असावीत.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या झुडपी जंगलाचा निकाल लावला. तोही मे महिनाच. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सांगितलं की झुडपी जंगल हे वनजमीनच मानायचं. प्रश्न होता नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे ८६ हजार हेक्टरांचा. या जमिनींवर गेल्या काही पिढ्यांत घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी इमारती उभ्या राहिल्या, स्मशानं आहेत, काही ठिकाणी शेती आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनी वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी, त्यासाठी भरपाईच्या वनीकरणाची किंवा पैसे भरण्याची अट नको, असं न्यायालयाने म्हटलं. नंतर झालेल्या वाटपांबद्दल मात्र जाब विचारायला सांगितलं. तीन हेक्टरांहून लहान, इतर जंगलाला न लागणारे, वाटप न झालेले तुकडे ‘संरक्षित वन’ जाहीर करायचे. आणि महसूल खात्याकडे उरलेली झुडपी जमीन वर्षभरात वनखात्याच्या ताब्यात द्यायची.

निकाल आल्यावर दोन्हीकडून समाधानाचे सूर निघाले. राजकारणी म्हणाले, लोकांची घरं वाचली. पर्यावरणवाले म्हणाले, जंगल वाचलं. दोघांचंही खरं आहे. पण ‘ताब्यात द्यायची’ या शब्दांशी मी अडखळलो. ताबा एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जाणार. मधे जे गाव आहे, ज्याची ढोरं, बकऱ्या, सरपण, खराटे, बोरं, मोहफुलं या जमिनीतून येतात, त्या गावाला कुणी विचारलंय का? माझं म्हणणं एवढंच आहे की जमीन जंगल ठरली असेल तर जंगलाचे सगळेच कायदे तिला लागू होतात, आणि त्या कायद्यांत जंगलावर जगणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा २००६ चा वनहक्क कायदाही येतो. १९८० चा वन संवर्धन कायदा मोठ्याने म्हणायचा आणि २००६ चा गिळून टाकायचा, हे चालणार नाही.

झुडपी हा प्रकार आला कुठून, ते थोडं सांगायला हवं. मध्य प्रांतात मालगुजारी होती. गावाची पडीत, तलाव, रान मालगुजाराच्या मालकीचं, पण त्यात गावाचा वापर चालत असे. या वापराला ‘निस्तार’ म्हणतात. मालगुजार चांगला असला तर निस्तार सुखाने चाले, वाईट असला तर बिगारी करून मिळे. उगाच सोनेरी काळ उभा करायला नको. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, जमिनी सरकारजमा झाल्या, पण निस्तार कागदावर राहिला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (१९६६) कलम १६१ आणि १६५ अजून आहेत : निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावातल्या कुणी कुठे चरायचं, कुठून लाकूड-माती आणायची, कुठला रस्ता, कुठलं पाणी, हे लिहून ठेवण्याची ती सोय. हे कागद आज तहसीलच्या कपाटात धूळ खात असतात. त्यातली अक्षरं वाचणारा कारकूनही निवृत्त झालेला असतो.

१९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला : वनजमीन इतर कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी हवी. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी अभिलेखात ‘जंगल’ अशी नोंद असलेली प्रत्येक जमीन या कायद्यात येते, मालकी कुणाचीही असो. झुडपी ‘जंगल’ शब्दातच अडकलं. जमीन तीच, बकऱ्या त्याच, पण नावात जंगल असल्याने शाळेची खोली बांधायलाही दिल्लीची वाट बघायची वेळ आली. तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षं सरकार ही जमीन जंगलाच्या बाहेर काढायचा प्रयत्न करत होतं. त्यात घरं-शाळांची काळजी होतीच, पण नागपूरच्या भोवती जमिनीचे भाव काय आहेत हेही सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून निर्वनीकरणाच्या मागणीला पर्यावरणवाल्यांनी विरोध केला तो योग्यच होता. मीही केला असता.

पण जंगल म्हणून वाचवायचं म्हणजे काय करायचं? इथे खरी गोम आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत एक हेक्टरपेक्षा मोठा आणि झाडांचं छत्र किमान १० टक्के असलेला तुकडा ‘वनाच्छादन’ म्हणून मोजला जातो. त्याखाली छत्र गेलं की त्याचं नाव ‘झुडुप’. झुडुपाची नोंद होते, पण वनाच्छादनाच्या बेरजेत ते धरत नाहीत. म्हणजे न्यायालयाच्या लेखी जे जंगल, ते सर्वेक्षणाच्या लेखी बहुतेक ठिकाणी वनाच्छादनच नाही. ही विसंगती दूर करण्याचा खात्याला एकच मार्ग सुचतो : खड्डे खणा, रोपं लावा, कुंपण घाला, चराईबंदीचा फलक लावा. पाच वर्षांनी उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसलं की अहवाल सुधारला.

२०२३ च्या हरित श्रेय नियमांनी या सवयीला बाजारभाव दिला. उजाड वनजमीन, विरळ जंगल, झुडपी, पडीक अशा जागांवर झाडं लावणाऱ्याला श्रेय मिळणार, आणि ते श्रेय विकता येणार, असं तेव्हा ठरलं होतं. फेब्रुवारी २०२४ च्या कार्यपद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडं हा हिशेब होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये तो बदलून किमान पाच वर्षं आणि ४० टक्के छत्र अशी अट आली. आता मला सांगा, बरडावर चाळीस टक्के छत्र आणायचं कशाने? पळस, हिवर, टेंभुर्णी यांच्या अंगात तेवढी सावली नाही. त्या मुरमात सावली बसते ती गिरीपुष्पाची, सुबाभळीची, निलगिरीची. गाय त्यांतल्या निलगिरीला तोंड लावत नाही, आणि तिच्या सावलीत गवतही धड येत नाही. हेक्टरी अकराशे झाडं म्हणजे झाडाझाडातलं अंतर साधारण तीन मीटर. तेवढ्या दाटीत कुसळी गवत तग धरत नाही, पवन्या, मारवेल तर लांबच.

हे केवळ विदर्भातलं दुखणं नाही. सोलापूर-नगरकडचा माळ बघा. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. एवढं मोठं की त्यात गावंच्या गावं, तालुक्याची ठिकाणं आली. लोक वैतागले, शेवटी ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. दरम्यान त्याच माळांवर सामाजिक वनीकरणाची आणि दुष्काळ निवारणाची झाडंही लागत राहिली. माळढोकाला उघडा माळ लागतो. त्याला लांबवर दिसायला हवं. माळ झाडांनी भरला, शेतीने भरला, विजेच्या तारांनी भरला, आणि पक्षी नाहीसा झाल्यात जमा आहे. मेंढपाळाला मात्र ‘तू माळाचा शत्रू’ असं सांगण्यात आलं. दिवाळीनंतर फलटण-आटपाडीकडून कोकणात उतरणारा आणि पावसाआधी परतणारा धनगराचा वाडा शतकानुशतकं याच माळावर राहिला, तेव्हा माळढोकही होता, लांडगेही होते, काळवीटही होतं. चराईने माळ बिघडत नाही असं मी म्हणत नाही. एकाच जागी शंभर मेंढ्या महिनाभर बसवल्या की बिघडतो. पण धनगर बसत नाही, तो चालतो. त्याला एका जागी बसवलं ते कुंपणांनी.

२०१६ मध्ये आपल्या राज्यात दोन कोटी झाडं लावण्याचा संकल्प झाला, आणि २०१७ ते २०१९ या तीन वर्षांसाठी ५० कोटींचा : आधी चार, मग तेरा, मग तेहेतीस. लावण्याचे आकडे पत्रकात येत. चराईबंदीत अडकलेल्या शेळ्या किती जणांनी विकल्या, हा आकडा कुठल्या पत्रकात असतो? शेळी ही भूमिहीन बाईची बँक आहे असं भाषणात सगळे म्हणतात. त्या बँकेची शाखा झुडपीत असते.

एक जुनी चूक इथे आठवते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला होता. वनस्पतीशास्त्राने बांबू गवत ठरवलं, कायद्याने झाड. झाड ठरल्यामुळे तोडायला परवानगी, वाहून न्यायला परवाना, आणि पेपर मिलला मात्र लांब मुदतीचे करार. बुरूड समाजाचा माणूस टोपली विणायला दोन बांबू आणताना चोर ठरायचा. ही व्याख्या बदलायला २०१७ उजाडावं लागलं, तीही फक्त जंगलाबाहेरच्या बांबूपुरती. जंगलातला बांबू सुटला तो वनहक्क कायद्याने. त्या कायद्याने गौण वनउपजाच्या यादीत बांबू, तेंदूपान, मध, लाख, कंदमुळं स्पष्ट लिहिली आणि त्यांची मालकी गावाला दिली. ‘गौण’ हा शब्दही गमतीचा आहे. कोरड्या जंगलात गौण तेच मुख्य असतं. लाकूड तिथे पिढीत एकदा मिळतं, मोहफूल दर वर्षी पडतं.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे वाक्य तिथलं. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत केलेलं काम वेगळं सांगायला नको. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण लोक सांगताना पुढचा भाग गाळतात. हक्क मिळाल्यावर गावाने बांबू विकायला काढला, तर वाहतूक परवाना मिळेना. मालकी तुमची, पण नाक्यावरून गाडी सुटायला टीपी लागते आणि टीपीचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात. दोन वर्षं यातच गेली. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एक पावतीपुस्तक द्यायला केंद्रीय मंत्र्याला यावं लागलं, यावरून त्या पुस्तकात किती सत्ता होती ते समजा. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांनी हा परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा असं ठरलं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला वनधोरणातला सर्वांत मोठा बदल हा आहे. १९८८ चं वनधोरणही त्यापुढे फिकं. त्या धोरणात आदिवासींच्या गरजांना जंगलावर पहिला मान दिला आहे. शब्द सुंदर, पण पावतीपुस्तक कपाटातच होतं.

पावतीपुस्तक हातात आल्यावर गाव काय करतं, याचं मला आवडलेलं उदाहरण मेंढ्याचं नाही, पाचगावचं आहे. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातलं हे छोटं गाव. २०१२ मध्ये त्यांना १,००६ हेक्टर मिळाले. बांबूवर त्यांची कमाई चांगली होऊ लागली. मग तेंदूपानाचा प्रश्न आला. तेंदूचा हंगाम म्हणजे उन्हाळ्यातले दोन-तीन आठवडे, हातात रोख पैसा. गडचिरोली-चंद्रपुरात या पैशावर लग्नं ठरतात, खताची बेगमी होते. पण चांगलं पान यावं म्हणून झुडपांची खुटकटाई करतात आणि पुष्कळ ठिकाणी रानाला आग लावतात. आगीत मोहाची, चारोळीची रोपं जातात. पाचगावने ठरवलं, तेंदू तोडायचा नाही. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, झाडावर पिकू द्यायची, पाखरांना खाऊ द्यायची, माणसांनीही खायची. हातात आलेला हंगामी पैसा त्यांनी स्वतःच सोडला. वनखात्याला गेल्या शंभर वर्षांत असा निर्णय घेता आला नाही, कारण तेंदूचा महसूल खात्याच्या अंदाजपत्रकात असतो. गावाला घेता आला, कारण गावाला त्याच रानात पुढच्या वर्षीही राहायचं होतं.

अचलपूर तालुक्यातलं पायविहीर हे कोरकू गाव तर उजाड रानाचंच उदाहरण. १९२ हेक्टर, ज्यात जवळजवळ काही उरलं नव्हतं. गावाने चराई आळीपाळीने बंद ठेवली, माती-पाण्याची कामं रोजगार हमीतून केली, सीताफळं मुंबईला विकली. २०१४ मध्ये त्यांना भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. चराई आळीपाळीने बंद ठेवली, हे मी मुद्दाम लिहिलं. बंदी गावानेही घातली. फरक इतकाच की कुठला भाग कधी उघडायचा हे ठरवणाऱ्यांत बकरीवालीही बसली होती.

आता उलट बाजू. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळालेत आणि सगळीच पाचगाव नाहीत. काही ग्रामसभा म्हणजे दोन शिकलेली पोरं आणि एक ठेकेदार. तेंदूचा लिलाव ग्रामसभांकडे आल्यावर ठेकेदारांनी जास्त बोली लावून नंतर रॉयल्टी थकवल्याच्या तक्रारी दरवर्षी असतात. गावाला ना वसुलीची यंत्रणा, ना वकील. त्यात तेंदूपानावर २०१७ पासून १८ टक्के जीएसटी बसला. वनहक्काचा कायदा दिल्लीच्या एका मंत्रालयाने केला आणि त्याच पानावर कर दुसऱ्याने लावला. बोली तेवढी उतरते, मजूर तेवढा मार खातो. सप्टेंबर २०२५ मध्ये तो कर ५ टक्क्यांवर आला, तेव्हा कुणी त्याला वनसुधारणा म्हटलं नाही. माझ्या हिशेबी ती वनसुधारणाच होती. तशीच २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर असलेली जुनी बंधनं उठवली, तीही. त्याआधी घरातल्या कणगीत मोहफूल किती ठेवायचं हे अबकारी खातं ठरवत असे!

आणि उलट दिशेने जाणाऱ्या सुधारणाही चालूच आहेत. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता आणि ग्रामसभेची संमती हा टप्पा केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यावर ढकलला. वर मंजुरी येऊन गेली, यंत्रं येऊन उभी राहिली, मग गावाला विचारायचं. लग्न लागल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखं आहे हे. वन संवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने जंगलाची १९९६ ची व्यापक व्याख्याच आवळली. त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने तूर्त जुनीच व्याख्या पाळायला सांगितलं. भरपाई वनीकरणाचा पैसा वेगळाच : २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून जास्त रक्कम दिली. हा पैसा खर्च करायला जमीन लागते. ती कुठे शोधतात? पडीक, झुडपी, गायरान. खाणीसाठी चांगलं जंगल गेलं की त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या गावचं कुरण कुंपणात जातं. दोन गावांचं नुकसान होतं आणि कागदावर जंगल होतं तेवढंच राहतं. झुडपीच्या निकालात न्यायालयाने याला बऱ्यापैकी लगाम घातला. मुख्य सचिवांनी बिगर वनजमीन उपलब्ध नाही असं प्रमाणपत्र दिल्याशिवाय झुडपी जमीन भरपाई वनीकरणाला वापरायची नाही, असं सांगितलं. त्या निकालातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर सर्वांत कमी लिहिलं गेलं.

तर परत झुडपीकडे. वनहक्क कायद्याच्या कलम २ मध्ये वनजमिनीची व्याख्या आहे. तीत राखीव, संरक्षित वनांबरोबर अवर्गीकृत, सीमांकन न झालेली आणि ‘मानीव’, म्हणजे जंगल मानलेली, वनंही येतात. सर्वोच्च न्यायालयाने झुडपीला वनजमीन म्हटलं त्या क्षणी ती या व्याख्येत बसली. कलम ३ मध्ये ‘निस्तार, मग त्याला कुठल्याही नावाने ओळखत असोत’ असा हक्क आहे, आणि त्यात संस्थानं, जमीनदारी आणि तशा मध्यस्थांच्या काळातले हक्कही येतील असं लिहिलंय. आमच्याकडची मालगुजारी हीच ती मध्यस्थांची राजवट. हे वाक्य जणू आमच्यासाठीच लिहिलं आहे. त्याच कलमात चराईचा हक्क आहे, भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क आहे, आणि सामूहिक वनसंसाधनाचं रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. पुढे, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची टाकी अशा तेरा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, त्यासाठी दिल्लीची वाट बघावी लागत नाही. म्हणजे ज्या शाळा-खोल्यांसाठी निर्वनीकरण हवं म्हणून आरडाओरडा चालला होता, त्यांतल्या निम्म्या अडचणींवरचा उपाय २००६ पासून कायद्यात पडून आहे.

तहसीलमध्ये हा मुद्दा काढला की पहिलं उत्तर येतं : वनहक्क आदिवासींचा, वर्धा-नागपूर-भंडाऱ्याकडच्या गावांना काय त्याचं? चूक. कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ आहेत. त्यांच्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वास्तव्य आणि जंगलावर अवलंबून असणं ही अट आहे. अट जाचक आहे हे खरं, आणि जिल्हा समित्या तिचा अर्थ आणखी जाचक लावतात. पण आमच्या भागातली गावं आणि त्यांची कुरणं त्याहून जुनी आहेत. गोवारी, कुरमार, ढिवर हे लोक कालपरवा आले नाहीत. गोवारी म्हटलं की लोकांना नागपूर आठवतं, २३ नोव्हेंबर १९९४, विधानभवनावरचा मोर्चा, चेंगराचेंगरीत गेलेले ११४ जीव. तेवढीच ओळख उरली. ते चारत काय होते आणि कुठे, हा प्रश्न त्या दिवशीही कुणी विचारला नव्हता.

दुसरी शंका जास्त प्रामाणिक आहे : गावाच्या हाती दिलं तर गाव विकून टाकेल, नाही तर पुढारी अतिक्रमण करतील. अतिक्रमणं झालीत, गावातल्याच बड्या शेतकऱ्यांनी केलीत, हे मी नाकारत नाही. बांध दर वर्षी एक वाफा पुढे सरकतो. पण ही अतिक्रमणं झाली ती जमीन सरकारच्या ताब्यात असतानाच. सामूहिक वनहक्क विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, एकट्याच्या नावावर करता येत नाही. महसूल खात्याच्या झुडपीची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकते आणि एक दिवस तिथे प्लॉटांचा लेआउट पडतो. ग्रामसभेच्या झुडपीला तसं करायला सगळ्या गावासमोर ठराव घ्यावा लागेल, आणि त्या सभेत शेळीवाल्या बायका असतील. भांडण होईल. व्हावं.

खात्याने काय करायचं? पुष्कळ काही. कुठलं गवत बीज धरण्याआधी चारू नये, वणवा कुठून शिरतो, पाणी कुठे अडतं, हे सांगायला वनरक्षकाची गरज गावाला आहेच. सीमा मोजून द्याव्यात. एवढं केलं तरी खूप झालं. खड्डे मोजण्यापेक्षा ते कितीतरी अवघड काम आहे.

वेळ मात्र थोडा आहे. ताबा देण्याची मुदत न्यायालयाने वर्षभराची दिली होती, आणि ताबा गेला की पाठोपाठ कुंपण येतं. कुंपण झाल्यावर हक्क मागणं म्हणजे अतिक्रमण ठरतं, हा आमचा जुना अनुभव आहे. त्याआधी गावाने दावा दाखल केला पाहिजे. पुरावा काय, असं विचारतील. वनहक्क नियमांच्या तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे : निस्ताराचे हक्क, परंपरेने चराईची रानं, चारा-फळं-कंद गोळा करण्याच्या जागा, पाण्याचे स्रोत, पवित्र झाडं, स्मशानं, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन. निस्तारपत्रक तहसीलच्या कपाटात आहे, माहितीच्या अधिकारात मागता येतं. बोडी, म्हणजे गावचं लहान तळं, रानातच आहे, तिच्या पाळीवरचा दगडाचा देव आहे, आखर आहे. राहिलं निवेदन. ते गायक्याकडे आहे. तो बहुधा सत्तरीचा असेल, त्याचा मुलगा नागपूरला सिक्युरिटीत असेल, आणि आपण कुठून कुठपर्यंत ढोरं नेत होतो हे सांगायला बसला तर नाले, टेकाडं आणि झाडं नावानिशी सांगेल. एक वही आणि दोन दुपारी पुरतील.